शनिवार-रविवार साईटवर, मुलं घरी: फ्लॅटविक्रीच्या कामात संसार कसा जमवता?

चावीवाली | ७ जून, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय पोटापाण्याचा आहे, थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

मी वाकडला राहते. आधी एका बँकेच्या गृहकर्ज विभागात होते. थोरलीच्या वेळी बाळंतपणाच्या रजेनंतर परत रुजू झाले, धाकट्याच्या वेळी मात्र नाही जमलं. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, थोरलीची शाळा, नवऱ्याची हिंजवडीतली उशिरापर्यंतची ड्युटी. नोकरी सोडली. धाकटा दोन वर्षांचा असताना सोसायटीतल्या एका काकूंनी विचारलं, "मुलाचा फ्लॅट रिकामा पडलाय, तो काही इतक्यात अमेरिकेतून येत नाही. चावी तुझ्याकडे ठेवतेस का?" ठेवली. भाडेकरू शोधला, अकरा महिन्यांचा करार नोंदवून घेतला, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली. मी नको म्हणत असताना काकूंनी दलाली हातात ठेवली.

त्या एका चावीच्या चार वर्षांत ६३ चाव्या झाल्या. फराळाच्या एका जुन्या स्टीलच्या डब्यात असतात. प्रत्येकीला विंग आणि फ्लॅट नंबर लिहिलेली पट्टी चिकटवलेली. धाकट्याला अजून नीट वाचता येत नाही, पण "बी विंग, सातशे दोन" म्हटलं की बरोबर ती चावी काढून देतो.

गेल्या वर्षी महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचं, २० तासांचं प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, एजंट म्हणून नोंदणी केली. फी १०,००० रुपये, मुदत ५ वर्षं. ए अक्षराने सुरू होणारा स्वतःचा नंबर आला त्या दिवशी तो कागद देवापुढे ठेवला होता. त्यानंतर दोन रीसेल (आधीच्या मालकाकडून विकली जाणारी घरं) आणि नव्या प्रकल्पांतले तीन फ्लॅट माझ्या हातून गेले.

आता प्रश्न. पुनावळ्याच्या एका बिल्डरने नोकरी देऊ केली आहे. सेल्स ऑफिसात क्लोजिंगचं, म्हणजे आलेल्या ग्राहकाचा व्यवहार पक्का करायचं काम. ठरलेला पगार, वर इन्सेन्टिव्ह, पीएफ, आरोग्य विमा. सुट्टी मंगळवारी. शनिवार-रविवार सकाळी १० ते रात्री ८ सक्तीचं. घरातले सगळे "घे" म्हणतात. महिन्याच्या महिन्याला पैसा येईल हे मलाही दिसतंय, कारण आत्ता माझा एखादा महिना लाखाचा जातो आणि पुढचे दोन अगदी कोरडे.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. थोरली शाळेच्या खो-खोच्या संघात आहे. सामने शनिवारी असतात. मागच्या आठवड्यात तिच्या गुडघ्याला खरचटलेलं दिसलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, मॅच होती. मला का नाही सांगितलंस? तर अगदी साधेपणाने म्हणाली, "तू शनिवारी नसतेसच ना, म्हणून." रुसवा नव्हता त्यात. तिने ते धरूनच चाललं होतं.

म्हणजे नोकरी न घेताही माझे शनिवार गेलेलेच आहेत. ज्यांनी या धंद्यात राहून मुलं मोठी केली त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा. नोकरी की स्वतःचं, एवढंच मी विचारत नाहीये. हे काम घरात बसतं कसं, ते विचारतेय.

घोडबंदर | ७ जून, रात्री ११:५२

चौदा वर्षं ठाण्यात सेल्समध्ये आहे, आता दोन साईट्सची टीम सांभाळतो. दोन मुलं. बाजू माहीत आहे म्हणून लिहितो.

मंगळवारची सुट्टी ऐकायला बरी वाटते. पण मंगळवारी मुलं शाळेत, बायको ऑफिसात. तुम्ही घरी एकट्या असता आणि फोन चालूच असतो, कारण रविवारी ज्याने फ्लॅट बघितला तो मंगळवारीच भाव पाडायला फोन करतो. लग्नं, बारशी, मुंजी, गॅदरिंग सगळं शनिवार-रविवारी. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा हे तर आमचे बुकिंगचे दिवस. माझ्या धाकट्याने दसऱ्याचं सोनं मला कायम रात्री साडेदहाला दिलंय.

नोकरी घेणार असाल तर आधी हे विचारा, आणि उत्तर ऑफर लेटरमध्ये लेखी घ्या. इन्सेन्टिव्ह कशावर? बुकिंगवर, करार नोंदवल्यावर, की ग्राहकाचा २० टक्के पैसा आल्यावर? तीन महिन्यांचं टार्गेट एकत्र धरतात की प्रत्येक महिन्याचं वेगळं? बुकिंग रद्द झालं तर दिलेला इन्सेन्टिव्ह परत कापतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही नोकरी सोडलीत तर अर्धवट राहिलेल्या केसेसचे पैसे मिळतात का? हे शेवटचं कोणी विचारत नाही आणि बहुतेकांचे पैसे तिथेच बुडतात.

माझी चूक सांगतो. डिसेंबर २०२० आठवतोय ना? सरकारने मुद्रांक शुल्क ३१ डिसेंबरपर्यंत तीन टक्क्यांनी उतरवलं होतं, मग मार्चअखेरपर्यंत दोन टक्क्यांनी. लोक अक्षरशः रांग लावून घरं घेत होते. त्या सहा महिन्यांत मी जे कमावलं ते आधीच्या तीन वर्षांत कमावलं नव्हतं. त्या हिशेबाने स्वतःसाठी मोठा फ्लॅट घेतला, हप्ता इन्सेन्टिव्ह धरून बसवला. पुढच्या वर्षी ज्या प्रकल्पावर होतो त्याची पुढच्या मजल्यांची परवानगी अडकली. सात महिने नुसता पगार. बायकोचे दागिने गहाण पडले. त्यानंतर घरात एक नियम केला तो आजतागायत पाळतोय: घर पगारावर चालवायचं, इन्सेन्टिव्ह आला की त्याचा अर्धा भाग त्याच दिवशी मुदतठेवीत. हप्त्यात इन्सेन्टिव्ह कधीच धरायचा नाही.

कोरापान | ८ जून, सकाळी ७:३०

मी तीन वर्षं प्रीसेल्सला, म्हणजे फोन करून ग्राहकाला साईटवर आणायच्या कामाला होतो, मग सोडलं. दिवसाला शंभराच्या वर फोन, त्यात ऐंशी जण उचलत नाहीत, दहा जण शिव्या देतात. मुलगी झाली तेव्हा रात्री तिला मांडीवर घेऊन दुसऱ्या हाताने लीड टॅग करत होतो, म्हणजे चौकशी करणाऱ्या ग्राहकाची आपल्या नावावर नोंद. चॅनल पार्टनरच्या (बाहेरच्या एजंटच्या) आधी आपली एन्ट्री पडली पाहिजे, नाहीतर ग्राहक त्याच्या नावावर जातो. आज वेअरहाऊसमध्ये हिशेबाचं काम करतो, पगार कमी आहे, सहाला घरी असतो. मला विचाराल तर लहान मुलं असताना हा धंदा करूच नये. ताईंना नाउमेद करायचं नाहीये, पण ही बाजूही इथे यायला हवी.

सोनचाफा | ८ जून, दुपारी २:०५

चावीवाली, तुमचं लिखाण वाचून मला माझी अकरा वर्षांपूर्वीची मीच दिसले. नाशिकला असते. मिस्टर गेले तेव्हा मुलगा पहिलीत होता. त्यांचा एक मित्र जागेचे व्यवहार करायचा, त्याच्याबरोबर सुरुवात केली. पहिली दोन वर्षं मुलगा माझ्याबरोबर साईटवर यायचा. सॅम्पल फ्लॅटमधल्या मुलांच्या खोलीत टेबल असतं ना, तिथे बसून पाढे लिहायचा. येणारे लोक विचारायचे, हाही फर्निचरबरोबर येतो का? तो लाजून पडद्यामागे जायचा. मला ते आवडायचं नाही, पण दुसरा इलाज नव्हता.

मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला आत्ता सांगते. वेळ खातात त्या साईट व्हिजिट, विक्री नव्हे. पूर्वी मी रविवारी सात-आठ कुटुंबांना घेऊन फिरायचे. गंगापूर रोडवरून पाथर्डी फाटा, तिथून परत इंदिरानगर. त्यातलं एखादं घेणारं निघायचं. बाकीचे नुसते बघायला आलेले असायचे, नाहीतर पैशांचा मेळच नसायचा.

आता बुधवार-गुरुवारी, मुलगा क्लासला असतो त्या वेळात, प्रत्येकाशी फोनवर वीस मिनिटं बोलल्याशिवाय मी कोणाला घर दाखवत नाही. बजेट किती हे विचारतच नाही, ते सगळे वाढवून सांगतात. विचारते, आज बँकेत किती पडून आहेत? सोनं मोडणार आहात का, गावची जमीन विकून येणार आहेत का, पीएफमधून काढणार का? दुसरं, होकार कोणाचा लागणार? "आईबाबा गावाहून आले की त्यांना दाखवतो" असं म्हणाले की मी सांगते, मग ते येतील तेव्हाच या, मी त्या दिवशी पूर्ण वेळ देते. वास्तूचं काही पाळता का, तेही आधीच. स्वयंपाकघराच्या दिशेवरून मोडलेला व्यवहार मी तीन वेळा पाहिलाय, तिन्ही वेळा चौथ्या भेटीत.

एवढं केल्यावर रविवारी दोनच कुटुंबं उरतात. सकाळी ९ ते १. एक वाजता मी घरी जेवायला. विक्री कमी झाली नाही हो, उलट वाढली. मुलगा आता बारावीला आहे.

आणि कोरापान, तुमचं म्हणणं पटतं. प्रीसेल्सचं काम माणसाला पिळून काढतं. पण तो या धंद्याचा एकच कोपरा आहे.

पारिजातक | ८ जून, रात्री ९:४०

एक मुद्दा अजून कोणी काढला नाही. आपण अनोळखी माणसाला घेऊन रिकाम्या फ्लॅटमध्ये जातो. मी खारघरला भाड्याची आणि रीसेलची कामं करते. सुरुवातीला सासूबाई म्हणायच्या, हे कसलं काम, परक्या पुरुषाला घेऊन बंद घरात जायचं. तेव्हा राग यायचा. मग एकदा एक माणूस बेडरूम बघायच्या निमित्ताने आत गेला, आणि मी मागे यावं म्हणून थांबून राहिला. काही घडलं नाही, पण मी दारातूनच वळले. खाली येईपर्यंत पाय कापत होते.

तेव्हापासून: पहिली भेट सोसायटीच्या गेटवरच. रखवालदाराच्या वहीत त्याने स्वतःच्या हाताने नाव आणि नंबर लिहायचा. मुख्य दार सताड उघडं, त्याला टेकण म्हणून चप्पल. मी दाराजवळ उभी, तो एकटाच आत फिरून येतो. नवऱ्याला लोकेशन पाठवलेलं असतं. संध्याकाळी सातनंतर रिकामं घर दाखवत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

हे घरच्यांना मी रीतसर समजावून सांगितलं. तेव्हा सासूबाईंचा विरोध संपला, इतका की आता त्या मुलीला शाळेतून आणतात आणि बसस्टॉपवरच्या बायकांना सांगतात, आमच्या सुनेला घर शोधायला सांगा.

उरणकर | ९ जून, सकाळी ८:१५

माझी बायको एजंट आहे, मी कंपनीत आहे, म्हणून घरच्या बाजूने लिहितो. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि उलव्याकडे चौकशा एकदम वाढल्या. रात्री दहाला फोन, जेवताना फोन. एकदा मी तिचा फोन हिसकावून बाल्कनीत ठेवला. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुझ्या ऑफिसचा कॉल रात्री येतो तेव्हा मी मुलांना आत घेऊन जाते, टीव्हीचा आवाज कमी करते. माझ्या फोनला हे घर असं का वागतं?" मला उत्तर देता आलं नाही.

आता रविवार माझा. मुलांच्या आंघोळी, नखं कापणं, वह्या-पुस्तकं लावणं, वरण-भात-भाजी. चपात्या विकत. ती दोनला येते, जेवते, तासभर झोपते, आणि चारनंतर फोन बंद. मुद्दा असा की चावीवाली ताईंच्या प्रश्नाचं उत्तर एकट्या त्यांनी शोधायचं नाहीये. मिस्टरांनाही हा धागा वाचायला द्या.

चावीवाली | ९ जून, रात्री १०:३०

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. दिला नवऱ्याला वाचायला. उरणकरांचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला, बोलला काही नाही, पण आज ओटा त्याने आवरला.

सोनचाफा, तुमची वीस मिनिटांची गोष्ट डोक्यात घट्ट बसली. हे तर मी बँकेत रोज करत होते! कर्जाचा अर्ज आला की आधी माणसाकडे स्वतःचं किती आहे ते बघायचं. इथे आल्यावर ते विसरून मी चाव्यांचा जुडगा घेऊन धावत सुटले. कालच एका जोडप्याशी बोलले. दोघं आयटीत, ७० लाखांचा फ्लॅट बघायला निघालेले. म्हणाले, दहा टक्के तयार आहेत, बाकीचं कर्ज. त्यांना फोनवरच कागद-पेन घ्यायला लावलं.

७० लाखांच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देणार, कारण ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादाच तेवढी आहे. म्हणजे ५६ लाख. स्वतःचे १४. आमच्याकडे मुद्रांक शुल्क सगळे उपकर धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असल्याने जीएसटी ५ टक्के, साडेतीन लाख. हे वरचे ८ लाख ७० हजार कर्जात बसत नाहीत. म्हणजे हातात २२ लाख ७० हजार हवेत, आणि यांच्याकडे होते सात. फोनवर थोडा वेळ शांतता. मग ती मुलगी म्हणाली, आम्हाला आजवर कोणी असं सांगितलंच नाही, सगळे म्हणतात आधी या तर खरं, बघून घेऊ.

मी त्यांना भोगवटापत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेला, ५० लाखांच्या आतला रीसेल सुचवला. जीएसटी नाही, आणि घर एकट्या तिच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्क्याने कमी. ते पुढच्या शनिवारी बघायला येणार होते. मी म्हटलं, उद्याच संध्याकाळी साडेसहाला या. आले.

जुना डोंबिवलीकर | १० जून, सकाळी ६:२०

वडील दलाल, मी दलाल. वडिलांच्या काळात ओळखीवर व्यवहार व्हायचा, कागद नंतर. मी ३४ वर्षं करतोय. आता हळूहळू थांबतोय.

चावीवाली बाई, तुम्ही स्वतःच्या वस्तीत काम करता हे तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे आणि सगळ्यात मोठी जोखीमही तीच. ज्याला घर विकलंत तो तुम्हाला भाजीवाल्याकडे भेटणार, त्याची मुलं तुमच्या मुलांच्या वर्गात असणार.

माझ्या मार्फत तीन कुटुंबांनी एकाच इमारतीत घरं घेतली होती. बांधकाम रखडलं, ताबा चार वर्षं उशिरा मिळाला. ती माणसं भाडं भरत होती आणि हप्ताही. त्यातल्या एकाची मुलगी माझ्या मुलीबरोबर शिकत होती. एक दिवस माझी मुलगी म्हणाली, बाबा, ती आता माझ्या शेजारी बसत नाही. दलालीचा चेक वटून केव्हाच संपला होता. हे मात्र राहिलं.

म्हणून सांगतो. महारेराचा नंबर बघून थांबू नका. आमच्या कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. महापालिकेची खोटी परवानगी दाखवून नोंदणी मिळवलेली होती, आणि उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. घेणाऱ्यांचा काय दोष होता? स्वतः महापालिकेच्या नगररचना विभागात जा, बांधकाम परवानगीचा क्रमांक तपासा. सातबारा, फेरफार बघा. रीसेल असेल तर आधीचा इंडेक्स टू (नोंदवलेल्या खरेदीचा उतारा), सोसायटीचं ना-हरकत पत्र, बँकेचा बोजा. एका घरामागे दोन दिवस जातात. पण हे दोन दिवस सोमवार ते शुक्रवारचे असतात, मुलं शाळेत असताना करता येतात.

दुसरं, प्रकल्पाची महारेरात नोंदणी व्हायच्या आधी "नुसतं नाव लावून ठेवा" म्हणून चेक गोळा करायला कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. रेराच्या नंबराआधी विक्रीच करता येत नाही, आणि अशा प्रकल्पात एजंटने मध्ये पडायचं नाही हे कायद्यातच लिहिलेलं आहे. करार नोंदवण्याआधी बिल्डरने १० टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाहीत, हे ग्राहकाला तुम्ही सांगा, तिथला सेल्सवाला सांगो न सांगो.

घोडबंदर | १० जून, सकाळी ९:०५

आजोबा, तुमच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. आमच्या टीममध्ये मी हे कॉस्टशीटच्या (ग्राहकाला देतो त्या किमतीच्या तपशिलाच्या) पहिल्या पानावर छापून घेतलंय. वरून ओरडा बसला होता, पण तसंच ठेवलं. चावीवाली, सेल्स ऑफिसची नोकरी घेतलीत तर एकच लक्षात असू द्या, तिथे तुम्हाला फक्त त्यांचंच घर विकता येईल. कालच्या जोडप्याला तुम्ही जो रीसेल दाखवलात, तो तिथे बसून दाखवता आला नसता.

घरशोधी | १० जून, रात्री ८:४५

मी नुसती ग्राहक. मागच्या वर्षी घर घेतलं. अकरा एजंटांना भेटले. ज्या ताईंकडून घेतलं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "रविवारी दुपारनंतर मी फोन घेत नाही, मुलाबरोबर असते, सोमवारी सकाळी मी स्वतः करेन." मला त्याचा त्रास झाला नाही, विश्वास वाटला. आणि सोमवारी सव्वानऊला फोन आला होता.

चावीवाली | २१ ऑक्टोबर, रात्री १०:५५

मंडळी, धागा वर आणतेय, कारण काहींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं की पुढे काय झालं.

पुनावळ्याची नोकरी घेतली नाही. घोडबंदर यांनी सांगितलेले प्रश्न तिथे विचारले. उत्तरं नम्रपणे मिळाली, लेखी मात्र एकही मिळालं नाही. नवऱ्याने आणि मी एका रविवारी बसून गेल्या अठरा महिन्यांची माझी सगळी कमाई वहीत मांडली. चांगले-वाईट महिने मिळून सरासरी काढली तर त्या पगाराच्या थोडी खाली आली, पण फार नाही. मग ठरवलं की भाडेकरारांचे पैसे घरखर्चाला आणि विक्रीची दलाली पूर्णपणे वेगळ्या खात्यात. त्यातून सहा महिन्यांचा खर्च साठला की मगच दुसरं काही. आरोग्य विमा नवऱ्याच्या कंपनीतून सासूबाईंसकट वाढवून घेतला. ती काळजी होतीच.

पितृपक्षात सगळे हातावर हात धरून बसतात. त्या पंधरवड्यात मी पारिजातकच्या पद्धतीने सगळ्या ६३ घरांचे रखवालदार, किल्ल्या, मालकांचे नंबर नव्याने लावून घेतले, आणि तीन सोसायट्यांचे कागद डोंबिवलीकर आजोबांनी सांगितले तसे महापालिकेत जाऊन बघितले. एकीला भोगवटापत्र अर्ध्याच विंगचं मिळालंय हे कळलं. तिथले दोन फ्लॅट मी यादीतून काढले. मालक नाराज झाले.

दसऱ्याच्या सुमारास एक रीसेल झाला. त्याच जोडप्याचा, जूनमधल्या. मालक ८१ वर्षांचे आजोबा. नोंदणीच्या वेळी यंत्रावर त्यांचा अंगठा उमटेना. आयुष्यभर छापखान्यात काम केलेला हात, रेषाच गुळगुळीत झालेल्या. मी ओल्या रुमालाने त्यांचं बोट पुसलं, जरा चोळून ऊब दिली, पुन्हा ठेवलं. पाचव्यांदा लागलं. आजोबा त्या मुलीला म्हणाले, "स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळी ऊन येतं, तिथे तुळस ठेव." बारा वाजता ते झालं, एकला मी मोकळी.

शनिवार. सगळे नाही सोडवता आले, खोटं कशाला सांगू. चारातले दोन सकाळचे माझे आहेत, नवरा आणि सासूबाई मिळून ते सांभाळून घेतात. माझी साईट व्हिजिटची वही टीव्हीखाली असते. मागच्या आठवड्यात उघडली तर पुनावळे आणि ताथवडेच्या मधल्या ओळीत पेन्सिलने लिहिलेलं होतं: "शनि. सकाळी ८:३०, खो-खो, शाळेचं मैदान." खाली ग्राहकाचं नाव लिहायच्या रकान्यात तिचं नाव. मी पेनाने गिरवून घेतलं. गेले होते. हरल्या त्या, पण तिने तीन गडी बाद केले.

पल्याड | २१ ऑक्टोबर, रात्री ११:२०

ताई, फार छान वाटलं वाचून. मी कोल्हापूरला आहे, बाळ नऊ महिन्यांचं. तुमच्यासारखी भाड्याच्या कामांनी सुरुवात करावी म्हणतेय. फक्त भाड्याची कामं करायला रेराची नोंदणी लागते का? आणि जीएसटी नंबर?

चावीवाली | २१ ऑक्टोबर, रात्री ११:४५

पल्याड, रेरा विक्रीच्या व्यवहारांसाठी आहे, नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकायला मदत करणार असाल तेव्हा नोंदणी लागते. नुसत्या भाड्याच्या कामाला नाही. पण २० तासांचं ते प्रशिक्षण बाळ लहान असतानाच करून टाका, पुढे वेळ मिळत नाही. जीएसटी वर्षाची दलाली २० लाखांच्या वर गेली की. बिल्डरकडून दलाली येते तेव्हा ते २ टक्के टीडीएस कापतात, तो विवरणपत्र भरून परत मागता येतो, म्हणून पहिल्या महिन्यापासून प्रत्येक पावतीचा फोटो काढून ठेवा. भाडेकरार मात्र कधीही नुसत्या स्टॅम्पपेपरवर करू नका, नोंदवूनच घ्या. महाराष्ट्रात तो नोंदवणं बंधनकारक आहे, आणि नोंदवला नाही तर जबाबदारी घरमालकावर येते. मालकाला हे तुम्ही आधीच सांगितलंत की दुसरी चावीही तोच आणून देतो.

कोल्हापुरात कुठल्या भागात राहता? माझी एक मावसबहीण राजारामपुरीत आहे, तिच्या शेजारचा फ्लॅट रिकामा आहे असं परवाच म्हणत होती. व्यनि करते.